बांधणीच्या खोलीतलं पारायण

माझा तास काढून घेताना मला चहा पाजला होता, हे मी अजून विसरलेले नाही.

विभागप्रमुखांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, लेकीच्या शाळेची चौकशी केली आणि मग मान थोडी तिरकी करून म्हणाले की विद्यार्थिनींना माझे उच्चार कळत नाहीत, तशा तक्रारी आहेत. तेव्हा या सत्रापासून जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं दुसरं कुणीतरी घेईल, मी सामानाची खोली सांभाळावी. मे महिन्यात नवा करार होईल तोही त्याच पदाचा. हे सगळं त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी ‘थँक यू’ म्हणून उठले. बाहेर दहा पावलं गेल्यावर आपण कशाबद्दल आभार मानले हे डोक्यात शिरलं आणि माझं पित्त खवळलं.

मी लातूरकडची. आमच्याकडे माणसं शेजारच्यालाही पलीकडच्या गल्लीत असल्यासारखी हाक मारतात. नव्वदच्या दशकात, आखाती युद्धानंतर इथली हॉस्पिटलं पुन्हा सावरत होती, तेव्हा लॅब टेक्निशियन म्हणून कुवेतला आले आणि आठ-नऊ वर्षं लोकांचं रक्त तपासलं. पुढे खाजगी विद्यापीठं निघायला लागली. त्यांतल्याच एका नव्याकोऱ्या विद्यापीठात मला प्रात्यक्षिकं शिकवायची जागा मिळाली. पहिल्या वर्षाच्या मुली. कुणी सलवाची, कुणी जहराची, नखं रंगवलेल्या, मोबाइल पर्समध्ये लपवलेल्या, रक्ताचं नाव काढलं की ‘ईऽऽ’ करणाऱ्या. त्यांना काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढायला शिकवायचं आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या ‘मिस! मिस!’ करून ओरडायला लागल्या की कमरेवर हात ठेवून मजा बघायची, हे माझं काम होतं. उभ्या आयुष्यात इतकं आवडलेलं काम मी दुसरं केलेलं नाही. हॉस्पिटलात मी नोकरी केली, इथे मी शिकवत होते. हा फरक ज्याला कळतो त्याला सामानाच्या खोलीत बसणं म्हणजे काय तेही कळेल.

माझ्या जागी आलेले शिक्षक नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडले होते. त्यांच्याकडे अनुभव नव्हता, पण ज्या देशाचा पासपोर्ट असला की माणसाचे उच्चार आपोआप शुद्ध होतात, त्या देशाचा पासपोर्ट होता. मनुष्य वाईट नव्हता. दर शनिवारी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी तो माझ्या खोलीत यायचा आणि आज काय शिकवायचं ते मलाच विचारायचा. मी सांगायची. तो वहीत लिहून घ्यायचा आणि वर्गात जायचा. मी आत बसून फुटलेल्या परीक्षानळ्या मोजायची. भिंतीपलीकडून मुलींचा गोंधळ ऐकू यायचा आणि मला उठून जावंसं वाटायचं.

घरी, अबू हलीफा भागातल्या फ्लॅटवर, मिस्टर म्हणाले, “नोकरी आहे ना? मग गप्प बस. इकामा त्यांच्या हातात आहे.” राहण्याचा परवानाच हातात म्हटल्यावर आपली मान त्यांच्या मुठीत, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दहावीतल्या लेकीनं जरा वेगळा मार्ग काढला. ती मला ‘व्ह’ शिकवायला लागली. ‘वेन’ आणि ‘व्हेन’, ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’. टेपरेकॉर्डरवर माझाच आवाज मला ऐकवायची. “आई, यू आर शाउटिंग. बी सॉफ्ट,” म्हणायची. चाळिशी ओलांडलेली बाई मी, आरशासमोर उभी राहून ओठांचा चंबू करत होते. आता हसू येतं. तेव्हा वाटायचं, जीभ वळली की तास परत मिळेल.

विद्यापीठाच्या ग्रंथपाल सुदानच्या होत्या. उंच, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या, आवाज असा की कुजबुजल्या तरी शेवटच्या कपाटापर्यंत ऐकू जावं. मी कामाला लागले त्या वर्षीपासून आमची दोस्ती. त्यांनी माझा चेहरा बघितला, काही विचारलं नाही, आणि एक जाडजूड पुस्तक पुढ्यात टाकलं. परदेशांतल्या विद्यापीठांत शिकवणाऱ्या काळ्यासावळ्या माणसांनी आपापले अनुभव त्यात लिहिले होते. वर्णभेद कसा होतो, गोड बोलून कसा होतो, कागदावर काहीच न ठेवता कसा होतो. मी म्हटलं, एवढं इंग्रजी मला एकटीला झेपायचं नाही. त्या म्हणाल्या, मग मिळून वाचू.

मिळून वाचायचं तर परवानगी हवी. उगाच चार परदेशी एका खोलीत दार लावून बसले तर लोकांच्या भुवया वर जातात. ग्रंथपाल बाईंनी डोकं लढवलं. माझ्या नावानं अर्ज केला की, इंग्रजी उच्चार सुधारण्यासाठी कर्मचाऱ्यांना दर बुधवारी दुपारी, काम सुटल्यावर, मोठ्यानं वाचनाचा सराव करायचा आहे. विभागप्रमुखांनी अर्ज वाचला, ‘उत्तम उपक्रम’ असा शेरा मारला आणि खाली झोकदार सही केली. त्या सहीकडे बघून आम्ही दोघी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पोट धरून हसलो. महिनाभरात मी पहिल्यांदा हसले होते.

ती खोली पुस्तकबांधणीची. खळीचा वास, एक लांब टेबल, चार खुर्च्या. आम्ही चौघं: ग्रंथपाल बाई, मी, नोंदणी विभागात काम करणारी फिलिपिनो बाई आणि कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे एक मल्याळी गृहस्थ. चहा आणून द्यायला चाचा. चाचा म्हणजे आमच्या मजल्याचे फराश. इथे ऑफिसात चहापाणी आणि झाडलोट करणाऱ्याला फराश म्हणतात. बांगलादेशचे, पन्नाशीचे, पांढरी दाढी, एका कंत्राटी कंपनीचा निळा डगला.

आता मोठ्यानं वाचायचं म्हणजे कसं, ते मला एकच ठाऊक होतं. माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. श्रावण लागला की क्वार्टरच्या पुढच्या खोलीत पोथी लावायचे. आंघोळ करून पाटावर बसायचं, पोथीवरचं फडकं सोडायचं, एका लयीत अध्याय वाचायचा. मध्ये कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही. अध्याय संपला की हात जोडायचे, फुटाणे-खडीसाखर वाटायची आणि ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं. मी बांधणीच्या खोलीत नेमकं हेच सुरू केलं. पुस्तकाला घरून आणलेलं लाल फडकं गुंडाळलं. कुणाला ते विचित्र वाटलं नाही. ग्रंथपाल बाईंच्या घरीही पवित्र ग्रंथ कापडात असायचा, फिलिपिनो बाईच्या आजीचाही. वाचायला मी, कारण सराव माझ्या नावावर होता. बाकीचे माना खाली घालून ऐकायचे. वाचून झालं की मी जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, आणलेले फुटाणे वाटायची. चाचा कप गोळा करायचे. पारायण छान चाललं होतं.

दोन महिने असे गेले. पुस्तकातल्या माणसांवर काय काय गुदरलं ते वाचताना माझा आवाज कधी कधी भरून यायचा, घरी जाताना बसमध्ये कसं हलकं हलकं वाटायचं. पुण्य लागल्यासारखं! माझं चुकत होतं ते इथेच, आणि ही चूक पोथी ऐकत वाढलेल्या बाईनंच करावी अशी होती. वंशभेदाविरुद्ध लिहिलेलं पुस्तक मी पुण्यासाठी वाचत होते. पोथी वाचून काही करायचं नसतं, ती पुरी करायची असते.

मग तो बुधवार आला. त्या दिवशीचा अध्याय एका शिक्षिकेचा होता. तिला सांगितलं होतं की तुझं बोलणं मुलांना कळत नाही. ती गाडीत जाऊन बसली आणि खूप रडली, इथे अध्याय संपत होता. मी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं, सवयीनं हात जोडले आणि फुटाण्यांच्या पुडीला हात घातला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मॅडम, फिर उसने क्या किया?”

चाचा ट्रे घेऊन उभे होते. बारा वर्षं निरनिराळ्या ऑफिसांतल्या मीटिंगांमध्ये चहा नेऊन नेऊन त्यांना इंग्रजी चांगलं कळायचं, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, “अध्याय खतम हो गया, चाचा.”

“वह तो ठीक है। पर उसने क्या किया?”

मला राग आला. हो, खरंच आला. पारायणात मध्येच कुणी बोललं की वडील जसे चष्म्यावरून बघायचे तसंच मी बघितलं आणि म्हटलं, “चाय ठंडी हो रही है, वह दे दीजिए पहले.”

त्यांनी मुकाट्यानं कप मांडले. पण ग्रंथपाल बाईंनी पुस्तकाला फडकं गुंडाळू दिलं नाही. त्यांनी त्यावर आपला रुंद पंजा ठेवला. “त्यांनी प्रश्न विचारलाय,” त्या म्हणाल्या. “त्या बाईनं पुढे काय केलं?”

पुस्तकात ते नव्हतं.

“बरं. आणि तू काय केलंस, या उख्ती?” उख्ती म्हणजे बहीण. प्रेमानं बोलायच्या तेव्हा मला तसं म्हणायच्या, आणि रागावल्या तरी तसंच. “तुझा तास गेला हे इथे सगळ्यांना माहीत आहे. दोन महिने आम्ही तुझ्यासमोर बसतो. तुझ्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. आम्हीही विचारला नाही. आपण नुसतं वाचतोय.”

 मी खाली बघत होते, आणि खाली बघता बघता मला खुर्च्या दिसल्या. चार खुर्च्या, चार माणसं. दोन महिने पाचवा माणूस दारात उभा राहून, हातातला ट्रे न हलू देता, ऐकत होता, आणि मला गोड बोलून, खुर्चीवर बसवून, चहा पाजून माझा अपमान केला म्हणून जळफळणारी मी, या माणसाला कधी ‘बसा’ म्हणाले नव्हते. मी लाजेनं काळीठिक्कर पडले. नंतर घरी आल्यावर आठवलं की ‘काळीठिक्कर’ हा शब्दसुद्धा किती सहज येतो आपल्या तोंडात. उन्हात जाऊ नको, काळी पडशील, असं लेकीला मी रोज म्हणत होते. कुवेतला आले त्या पहिल्या वर्षी, आमच्या बायकांच्या हळदीकुंकवात, सुदानी लोकांच्या रंगावरून झालेल्या विनोदाला मीही टाळी दिली होती.

पुढच्या बुधवारी मी सामानाच्या खोलीतली एक खुर्ची स्वतः उचलून आणली. चाचा तिच्या अगदी कडेवर, उठायच्या तयारीनं बसले. चहा मी केला. त्यांनी एक घोट घेतला आणि हात जोडून म्हणाले, “मॅडम, खुर्ची मंज़ूर है, पर चाय मुझे ही बनाने दीजिए।” मग ठरलं की चहा त्यांचा, कप उचलणं-धुणं आमचं, पाळीपाळीनं.

वाचण्याची रीतही बदलली. आता एक पान वाचलं की थांबायचं आणि प्रत्येकानं त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. आपल्या बाबतीत तसं काही झालं असेल तर तेही. आमच्याकडे पोथीबरोबर निरूपण असतं, ते मी विसरूनच गेले होते. फिलिपिनो बाईनं सांगितलं, गळ्यात ओळखपत्र असूनही फाटकावर तिला विचारतात, कुणाच्या घरी कामाला आहेस. मल्याळी गृहस्थांना दहा वर्षं ओळखणारे लोकही ‘रफीक’ अशी हाक मारतात. रफीक म्हणजे मित्र, पण ती हाक मित्राला मारत नाहीत, हमालाला मारतात. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “लोक माझ्या अरबीचं कौतुक करतात. किती छान शिकलीस म्हणतात. अरे, ती माझ्या आईची भाषा आहे!” आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की खळीचा डबा हलला. मी हळदीकुंकवातली टाळी सांगितली. त्यांच्या तोंडावर. सांगताना मला घाम फुटला. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “ठीक. आता पुढचं पान वाच.” माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. तरीही नंतर त्या माझ्यासाठी उभ्या राहिल्या, याचं मोल मला फार आहे.

चाचा आपल्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण माझी पाळी आली आणि मी त्या चहापानाची हकिकत पहिल्यांदा सविस्तर सांगितली, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, उस दिन चाय मैं ही लाया था। साहब की मेज़ पर कोई काग़ज़ नहीं था।”

आम्ही सगळे फिलिपिनो बाईकडे वळलो. कारण विद्यार्थिनींची प्रत्येक लेखी तक्रार तिच्या टेबलावरूनच जायची. ती घाबरी झाली. तिनं काही सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती, आणि आम्ही विचारलंही नाही. ती फक्त म्हणाली, “मॅम, तुम्ही बघायला मागू शकता. तसा नियम आहे.”

पत्राचा पहिला मसुदा मी लिहिला. दोन पानं. त्यात माझी नऊ वर्षांची हॉस्पिटलची नोकरी, माझ्या पदव्या, त्या नव्या शिक्षकांचा पासपोर्ट, गोऱ्यांचं राज्य, सगळं होतं. ग्रंथपाल बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि फाडलं. मग त्यांनी तीन ओळी लिहिल्या. अरबीत, खाली इंग्रजीत. माझ्याविरुद्ध ज्या तक्रारींमुळे माझा वर्ग काढून घेतला, त्या मला दाखवाव्यात. त्या नसतील तर वर्ग परत द्यावा. बस्स. मल्याळी गृहस्थांनी ते सुबक टाइप केलं. चाचा म्हणाले, मीही सही करतो. मी म्हटलं, अजिबात नाही. माझं फार तर पद जाईल, त्यांची कंत्राटी कंपनी त्यांना एका फोनवर विमानात बसवेल. वाद झाला. शेवटी सही माझी एकटीची, असं ठरलं. मिस्टरांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

पत्र डीन बाईंकडे गेलं. त्या कुवेती, काळ्या पायघोळ अबायातल्या, कमी बोलणाऱ्या. आठवड्यानं त्यांनी मला आणि विभागप्रमुखांना बोलावलं, सोबत एक सहकारी आणायची मुभा दिली. ग्रंथपाल बाई माझ्या शेजारी बसल्या. डीन बाईंनी विचारलं, तक्रारी कुठे आहेत? विभागप्रमुख म्हणाले, तोंडी आहेत. कुणाच्या? साधारण भावना तशी आहे. शिवाय दर्जाचा प्रश्न आहे. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता, माझ्याच होता. डीन बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “म्हणजे कागद नाही,” त्या म्हणाल्या. “मग मी स्वतः ऐकते. सोमवारी या बाई तास घेतील. मी बसेन.”

चार दिवस होते. घरी सांगावं लागलंच. मिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं, पण ते रागावले नाहीत. इस्त्री करून ठेवलेला माझा पांढरा कोट त्यांनी पुन्हा एकदा इस्त्री केला. लेक म्हणाली, “आई, व्ह. रिमेंबर, व्ह.”

सोमवारी वर्ग भरला. पंचवीस मुली, डीन बाई पहिल्या टेबलाशी, विभागप्रमुख मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. विषय रक्ताचा थर. मी सुरुवात केली ती टेपरेकॉर्डरवरच्या आवाजात. ओठांचा चंबू, हळू आवाज, सगळे ‘व्ह’ जागच्या जागी. आणि कुणालाही काही कळेना! मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. माझं मलाच कळेना मी काय बोलतेय, कारण सगळं लक्ष जिभेकडे, काचपट्टीकडे नाहीच. मागे विभागप्रमुखांनी खाली बघून अगदी थोडंसं स्मित केलं.

त्या स्मितानं माझं काम केलं. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी टेबलावर हात आपटला. “गर्ल्स!” म्हणून जी गर्जना केली ती लातूरच्या बाजारात चालली असती. पंचवीस माना ताठ झाल्या.

मग मी शिकवलं. बुधवारी वाचायची तसं. एक पायरी मोठ्यानं, सावकाश, माझ्याच उच्चारात वाचली. मग थांबले आणि एका मुलीला म्हटलं, अर्थ सांग, अरबीत सांग. तिनं सांगितलं. मग सगळ्यांनी हातानं करायचं. पुढची पायरी, दुसरी मुलगी. सुई मी माझ्याच बोटाला टोचली, कारण मुलींचं रक्त घ्यायची परवानगी नसायची. थेंब पट्टीच्या एका टोकाला. दुसरी पट्टी तिरकी धरायची, थेंबाला टेकवायची, थेंब कडेनं पसरू द्यायचा आणि मग न थांबता, न दाबता, एका झटक्यात पुढे. घाबरलात की थर जाड. थांबलात की रेघा. मुली करत होत्या, चुकत होत्या, पुन्हा करत होत्या.

डीन बाई उठल्या. त्यांनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, अबायाच्या बाह्या सारल्या, हातमोजे चढवले आणि पट्टी मागितली. त्यांचा विषय अर्थशास्त्र. जन्मात त्यांनी हे केलेलं नव्हतं. मी माझं बोट पुन्हा दाबून थेंब दिला आणि बाजूला झाले. हात लावला नाही, फक्त सांगत राहिले. पहिली पट्टी बिघडली. “जाड झालं,” मी म्हटलं. “तुम्ही विचार करत बसलात. पुन्हा.” डीनला असं बोलल्याचं मागाहून लक्षात आलं. दुसरी पट्टी त्यांनी सर्रकन ओढली आणि थर असा उतरला, शेवटाला पिसासारखा विरळ, की मी नऊ वर्षांत तसे मोजकेच बघितले होते. रंगवून, सुकवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मुली भोवती जमल्या. रक्त सगळ्यांचं सारखंच असतं वगैरे भाषण मी केलं नाही. तो पाठ वेगळा, आणि तो काचपट्टीवर शिकवता येत नाही. बाईंनी बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मान वर करून त्या कमी बोलणाऱ्या बाई चक्क ओरडल्या, “दिसल्या! पेशी दिसल्या!” मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मग हातमोजे काढत त्या मागे वळल्या आणि विभागप्रमुखांना म्हणाल्या, “मला सगळं कळलं. सुरुवातीची पाच मिनिटं सोडून. तेव्हा त्या तुमच्यासारखं बोलत होत्या.”

मी त्या वाक्यावर आजही जगू शकते.

विभागप्रमुख काहीतरी बोलले, दर्जा हा शब्द पुन्हा आला, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. बाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये माझं पारायण उभं होतं: मल्याळी गृहस्थ उगाचच प्रिंटरचा कागद हातात घेऊन, फिलिपिनो बाई हातात फाइल, चाचा रिकाम्या ट्रेसह. ग्रंथपाल बाई तर उघडपणे भिंतीला कान लावून. कुणी काही विचारायच्या आत मी रडायला लागले, आणि ते सगळे समजले की मी हरले. दोन मिनिटं त्यांनी माझं सांत्वन केलं तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं की, जिंकलो. त्या सुदानी बाईंनी जी जीभ फिरवून ललकारी दिली, ती त्यांच्याकडे लग्नात देतात. ग्रंथालयात शांतता राखण्यासाठी नेमलेल्या बाई त्या!

त्याच आठवड्यात लेखी आदेश निघाला. माझे तास मला परत, पद शिकवणारीचं, करार त्याच पदाचा. खाली आणखी एक ओळ होती: कुणाच्याही बोलण्याबद्दल लेखी तक्रार असल्याशिवाय आणि वर्गात बसून ऐकल्याशिवाय कुणाचा वर्ग काढू नये. ही ओळ मी मागितली नव्हती. ती पुढे दोघांच्या कामी आली, त्यातले एक आमचे मल्याळी गृहस्थ. विभागप्रमुखांनी दुसऱ्या वर्षी दुसरा देश धरला. आमचा बुधवार मात्र वाढत गेला. खुर्च्या कमी पडायला लागल्या, फुटाण्यांचा खर्च वाढला. काही वर्षांनी चाचा कायमचे आपल्या गावी गेले, तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर एक पूर्ण पान मोठ्यानं वाचून दाखवलं आणि अर्थही त्यांनीच सांगितला.

पण मला लक्षात राहिला आहे तो तास परत मिळाल्यानंतरचा पहिला शनिवार. डीन नाहीत, विभागप्रमुख नाहीत, टाळ्या नाहीत. नेहमीचा वर्ग, नेहमीचा गोंगाट. मी पहिली पायरी सांगितली. शेवटच्या टेबलावरच्या मुलीनं हात वर केला. “सॉरी मिस, मला कळलं नाही.”

काही महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकून मी ओठांचा चंबू केला असता. त्या दिवशी केला नाही. कुणाही शिक्षकाला कुणीही मुलगी हे म्हणते, म्हणावंच. मी तिच्या टेबलापाशी गेले आणि तेच वाक्य तसंच्या तसं, तितक्याच मोठ्यानं, पुन्हा सांगितलं. या वेळी तिला कळलं.